जुनी कार घ्यायली का? मग इसार द्यायच्या आधी एअरबॅग अशी तपासा

मागच्या दिवाळीत आमच्या दाजींनी जुनी गाडी घेतली. संभाजीनगरच्या एका डीलरकडून, पांढरी, २०२० चं मॉडेल, टायर नवेकोरे, आत अत्तराचा घमघमाट आणि भाव बाजारापेक्षा चाळीस हजारानं कमी. कमी कामून, हे कुणी विचारलं नाही, उलट सगळे खुश. मी जालन्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, भाऊबीजेला ताई-दाजी आले तर दाजी म्हणले जरा हॉर्न बघ बरं, कधी वाजतो कधी नाही. मी चावी फिरवली, मीटरकडं बघितलं आणि बघतच राहिलो. तेलाचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, इंजिनचा लागला, एअरबॅगचा लागलाच नाही.

बॅटरीची वायर काढून दहा मिनिटं थांबलो आणि स्टेअरिंगचं मधलं कव्हर खोललं. आत बॅग नव्हती. कव्हर मागून गोंदानं चिटकवलेलं, आणि जिथं बॅगचा पिवळा प्लग असतो तिथं काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला शेंगदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारा बारीक भाग. दाजी वाकून बघायले, म्हणले हे काय? म्हणलं दाजी, ही तुमची एअरबॅग.

ही करामत कशी चालते ते आधी समजून घ्या म्हणजे पुढची तपासणी डोक्यात बसंल. गाडीत मधल्या कन्सोलखाली, गिअरच्या आसपास एक छोटा डबा असतो, त्याला एअरबॅगचं मॉड्यूल म्हणतात. चावी ऑन केली की हा डबा प्रत्येक बॅगच्या वायरीत अगदी बारीक करंट सोडून विचारतो की बाई तू जागेवर आहेस का. बॅगच्या पेटीत आग लावणारी एक बारीक तार असते, तिचा रेझिस्टन्स साधारण दोन-तीन ओहम, तेवढा आला की डबा म्हणतो ठीकाय आणि दिवा बंद करतो. आता कुणी बॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर लावला तर डब्याला काय कळणार, त्याला ओहम दिसतात, बॅग दिसत नाही. दाजींच्या गाडीत एवढ्यावर भागलं नव्हतं, कारण एकदा बॅग फुटली की बऱ्याच मॉड्यूलमध्ये अपघाताची नोंद कायमची बसते आणि दिवा जळतच राहतो, म्हणून त्या पठ्ठ्यानं मीटर खोलून दिवाच काढून टाकला होता. आणि हॉर्न? स्टेअरिंगच्या मागं क्लॉक स्प्रिंग नावाची रिबनसारखी गुंडाळलेली वायर असते, हॉर्न आणि बॅग दोन्हीचा करंट तिच्यातूनच जातो, अपघातात ती अर्धी तुटलेली होती. म्हणून जुन्या गाडीचा हॉर्न मधूनच वाजत नसंल तर त्याला हॉर्नचा प्रॉब्लेम समजू नका.

तर पहिली तपासणी, एक रुपया लागत नाही. चावी ऑन करायची पण इंजिन चालू करायचं नाही, पुश बटन असंल तर ब्रेक-क्लचवर पाय न ठेवता बटन दाबायचं, बहुतेक गाड्यांत दोनदा. मीटरमध्ये बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोल फुगा असं चित्र शोधा. ते लागलं पाहिजे, साधारण सहा-सात सेकंद राहिलं पाहिजे आणि आपोआप विझलं पाहिजे. लागलंच नाही तर दिवा काढलेला असू शकतो. विझलंच नाही तर सिस्टीममध्ये फॉल्ट आहे आणि फॉल्ट असताना बॅग उघडंल याची गॅरंटी नाही. आणि तिसरा प्रकार सगळ्यात बेरकी, एअरबॅगच्या दिव्याची वायर तेलाच्या नाहीतर बॅटरीच्या दिव्याला जोडून देतात. इंजिन बंद असताना तेलाचा आणि बॅटरीचा दिवा चालूच राहतो हे ध्यानात ठेवा, एअरबॅगचा मात्र स्वतःच्या मनानं आधी विझायला पाहिजे. तो जर तेलाच्या दिव्यासोबतच, इंजिन चालू झाल्या झाल्या विझत असंल तर उठा आणि चहा पिऊन घरी या. डीलर लोक गाडी दाखवताना कायम आधीच चालू करून ठेवतात, एसी लावून ठेवतो साहेब म्हणून, म्हणून म्हणायचं बंद करा, मी चालू करतो.

पण नुसत्या रेझिस्टरवाली गाडी या टेस्टमध्ये पास होते. त्यामुळं पुढं हात आणि डोळे लावावे लागतात.

स्टेअरिंगच्या मधल्या कव्हरवर बोट फिरवा. कडेची फट सगळीकडं सारखी पाहिजे, रंग आणि खरखरीतपणा बाकीच्या प्लास्टिकसारखा पाहिजे, अंगठ्यानं दाबलं तर कडकड आवाज नको. मग शेजारच्या सीटसमोरचा डॅशबोर्ड बघा, तिथं एअरबॅग असं उठावाचं अक्षर असतं. फुटलेला डॅशबोर्ड फायबर भरून, रंग मारून नाहीतर वरून रेक्झिन चढवून विकतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं वा काय लेदर फिनिश आहे. काचेतून तिरप्या उन्हात बघा, आपल्याकडं उन्हाला काय तोटा आहे, भरलेल्या जागेवर लाट दिसते.

यात अजून एक लोच्या आहे. आपल्याकडं ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या सीटची नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून, आधीपासून चालू असलेल्या मॉडेलना त्याच वर्षाच्या शेवटापासून. त्याच्या आधीच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये बॅगच नसायची. अशा गाडीला टॉप मॉडेलचं स्टेअरिंग बसवून टॉप म्हणून विकणारे महाभाग आहेत. आरसीवरचं वर्ष आणि व्हेरियंट बघा आणि कंपनीच्या शोरूमला चेसिस नंबर देऊन विचारा की ही गाडी कारखान्यातून किती बॅगा घेऊन निघाली होती. सहा एअरबॅग सक्तीच्या झाल्या असं जे लोक ठोकून देतात ते खोटं आहे, सरकारनं मसुदा काढला होता पण सप्टेंबर २०२३ मध्ये गडकरींनी सक्ती करणार नाही असं सांगून टाकलं.

आता सीटबेल्ट. माझ्या मते खरी चुगली बेल्टच करतो, कारण बॅग झाकणारे लोक बेल्टकडं लक्ष देत नाहीत. पुढचे दोन्ही बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा. खाली एक शिवलेलं लेबल असतं, त्याच्यावर बेल्ट बनल्याची तारीख असते, गाडी २०१८ ची आणि बेल्ट २०२३ चा असंल तर बेल्ट कामून बदलला ते विचारा. बऱ्याच गाड्यांत बेल्टला प्रीटेन्शनर असतो, म्हणजे टक्कर झाली की छोटा बार उडून बेल्ट एका झटक्यात आवळला जातो, तो एकदाच वापरायचा असतो. तो उडालेला असंल तर बेल्ट अडकतो नाहीतर नीट परत गुंडाळत नाही, काही गाड्यांत बकलची दांडी दुसऱ्या बाजूपेक्षा आखूड झालेली दिसते. बकलमध्ये जाते त्या जिभेच्या प्लास्टिकवर घासून वितळल्यासारखी खूण असंल तर त्या बेल्टनं एकदा माणूस धरलेला आहे.

बेल्ट ओढलेलाच आहे तर शेवटचा फूटभर भाग नाकाला लावा. हसू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर, नांदेडला काय पाणी आलं ते सगळ्यांनी बघितलं. पाण्यात बसलेली गाडी धुवून, सीट वाळवून, अत्तर मारून बाजारात येते, पण बेल्टचं रीळ खांबाच्या आत असतं, तिथला बेल्ट कुणी धुवत नाही, त्याच्यावर गाळाची रेघ आणि कुबट वास राहतो. आणि मघाशी सांगितलेलं मॉड्यूल कुठं असतं? कन्सोलखाली, फ्लोअरला. म्हणजे सीटच्या खालपर्यंत पाणी आलं तरी बुडणाऱ्यात त्याचा नंबर पहिला. त्याच्या पिना हिरव्या पडायला वेळ लागतो, आज दिवा ठीक दाखवंल आणि पुढच्या पावसाळ्यात दगा दिंल. सीट पूर्ण मागं सरकवून रुळांवर गंज आहे का बघा, कार्पेटचा कोपरा उचला. बुडालेली गाडी माझ्या हिशोबानं फुकट दिली तरी घेऊ नये, पण हे माझं मत झालं.

स्कॅनरचं म्हणाल तर पाचशे-हजाराचा निळा ओबीडी स्कॅनर, मोबाइलला जोडतात तो, बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतो. त्याच्यावर नो फॉल्ट आलं म्हणून एअरबॅग ओके असं काही नसतं. एसआरएस म्हणजे एअरबॅगची सिस्टीम वाचणारा स्कॅनर पाहिजे, तो कंपनीच्या सर्विस सेंटरला असतोच आणि आता चांगल्या गॅरेजला पण असतो. त्यात अपघाताची नोंद आहे का ते बघायला सांगा. मॉड्यूलमधली ती कायमची नोंद पुसून देणारे पण लोक आहेत, म्हणून स्कॅनर, बेल्ट, कव्हर सगळ्यांची साक्ष एकमेकाला जुळते का ते बघायचं. इन्शुरन्सचा क्लेम झाला होता का तेही कळतं, पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्यावर आलेला असंल तर प्रश्न विचारा. आणि कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का बघा. टकाटा नावाची जपानी कंपनी होती, तिच्या बॅगांत अमोनियम नायट्रेटची दारू होती, वर्षानुवर्षं ओल आणि गरमीनं ती बिघडायची आणि बॅग उघडताना लोखंडी पेटीच फुटून तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, २०१७ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. आपल्याकडंही अशा बॅगांच्या गाड्या आल्या होत्या आणि कंपन्या पेटी फुकट बदलून देतात. दहा-पंधरा वर्षांची गाडी घेत असाल तर हे पाच मिनिटांचं काम सोडू नका.

हे सगळं स्वतः बघा, फक्त एक करू नका. पिवळ्या वायरी आणि पिवळे प्लग दिसले की हात मागं. पिवळा म्हणजे एअरबॅग. त्याला टेस्ट लॅम्प नाहीतर मल्टिमीटर लावला तर मीटरचा करंटच तिला पुरेसा होऊ शकतो. म्युझिक सिस्टीम बसवणारी पोरं करंट शोधायला कुठंही सुई टोचतात, तेव्हा शेजारी उभं राहा.

कामून एवढी भीती, तर आत फुगा नाही, बार आहे. हे डोकं मुळात कुणाचं ते ऐका. अमेरिकेत जॉन हेट्रिक नावाचा इंजिनिअर होता, १९५२ मध्ये तो बायको आणि लहान मुलीला घेऊन फिरायला निघालेला, रस्त्यात अडथळा आला, गाडी वळवून नालीत घातली आणि त्या क्षणाला नवरा-बायको दोघांचे हात मधे बसलेल्या पोरीला आडवे गेले. आपण पण जोरात ब्रेक मारला की डावा हात शेजारच्याच्या छातीवर जातोच ना, तेच. घरी येऊन तो विचार करत बसला की या हाताच्या जागी दुसरं काही आलं तर. युद्धात नौदलात असताना त्यानं दाबलेल्या हवेवर चालणारा टॉर्पेडो अचानक चालू होऊन वरचं कापडी कव्हर उडून छताला लागलेलं बघितलं होतं, त्याच्यावरून त्यानं गादी काढली आणि १९५३ मध्ये पेटंट मिळवलं. त्याच सुमाराला जर्मनीत वॉल्टर लिंडररनं पण तसंच पेटंट घेतलं. पण दाबलेली हवा हळू पडायची. टक्कर लागल्यापासून साधारण पन्नास मिलिसेकंदात बॅग फुगून तयार पाहिजे, पापणी लवायला त्याच्या दुप्पट तरी वेळ लागतो. मग हवेच्या टाकीऐवजी दारू आली. सोडियम अझाइडच्या १३० ग्राम गोळ्यांना ठिणगी दिली की सत्तर लिटरच्या आसपास नायट्रोजन सुटतो, म्हणजे मूठभर गोळ्यांतून तेलाचे साडेचार डबे भरतील एवढा. आता अझाइड विषारी म्हणून दुसरी रसायनं वापरतात, पण तत्त्व तेच.

आणि टक्कर झाली हे कळणार कसं? ॲलन ब्रीडनं १९६० च्या दशकात सोपी युक्ती काढली, नळीत पोलादी गोळी, मागून लोहचुंबकानं धरलेली, धक्का जोराचा असला तरच गोळी चुंबकाला सोडून पुढं जाऊन करंट जोडते. खड्ड्यात आपटलं तर सोडत नाही. आता गोळीच्या जागी चिप आहे, पण हिशोब तोच, म्हणून आपल्या रस्त्यांवर रोज बॅगा फुटत नाहीत, नाहीतर बीडपर्यंत जाईपर्यंत गाडीभर फुगे झाले असते.

गंमत बघा, बॅग निघाली पुढं बसलेल्या लेकरासाठी आणि आज तिचा सगळ्यात जास्त धोका पुढं बसलेल्या लेकरालाच आहे. ताशी तीनशे किलोमीटरपर्यंतच्या वेगानं ती बाहेर येते. १९९० च्या दशकात अमेरिकेत साध्या कमी वेगाच्या टकरीत पुढं बसलेली पोरं बॅगच्या माऱ्यानं गेली, मग बॅगांचा जोर कमी करावा लागला. आपल्याकडं लग्नाला जाताना एका गाडीत आठ जण आणि पुढच्या सीटवर आजोबाच्या मांडीवर नातू, हे चित्र तर रोजचं. मांडीवरचं पोरगं म्हणजे आजोबा आणि बॅगच्या मधली उशी. तान्ह्याची मागं तोंड असलेली सीट तर पुढं कधीच लावू नका, आणि बारा वर्षांपर्यंतची पोरं मागंच.

गाडी घेतल्यावरच्या बाकी गोष्टी पटपट सांगतो. डॅशबोर्डवर गणपती, पण त्या एअरबॅग लिहिलेल्या झाकणावर नको, देव मधे बसवा, नाहीतर बॅग उघडली की मूर्ती तोफेच्या गोळ्यासारखी येते. पाय वर टाकून बसू नका. छाती आणि स्टेअरिंगमध्ये वीतभर नाही तर चांगलं २५ सेंटीमीटर अंतर. साइड एअरबॅग असंल तर ती सीटच्या कडेतून निघते, अंगभर टाइट सीटकव्हर शिवून घेतलं तर ती आतच अडकंल, कव्हर घ्यायचं तर कडेला तशी शिलाई असलेलंच. पुढं लोखंडी गार्ड लावू नका, धक्का सेन्सरपर्यंत कसा पोचावा याचा कंपनीनं बसवलेला हिशोब बिघडतो, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं त्याच्यावर बंदी पण घातलेली आहे.

बेल्टचा बीप बंद करायला बकलमध्ये खोटी पट्टी घालतात, त्याच्यावर मला खरंच राग आहे. काही गाड्यांत मॉड्यूल बकल बघून ठरवतं की माणूस बांधलेला आहे का आणि त्याप्रमाणं बॅग कोणत्या धक्क्याला उघडायची. तुम्ही खोटं सांगितलं तर ते खोट्यावरच चालतं. मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा काढायला लावल्या, तरी टपरीवर मिळतात. बिनबेल्टचा माणूस ब्रेक लागल्यावर पुढं सरकत जाऊन बॅगच्या तोंडावरच पोचतो, तेव्हा ती वाचवत नाही, मारते. मागं बसलेल्यानं पण बेल्ट लावायचा. गोपीनाथराव मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत गेले तेव्हा मागच्या सीटवर होते, सायरस मिस्त्री पालघरजवळ गेले ते पण मागंच. समृद्धीवर १२० नं जाणाऱ्याला हे जालन्याच्या इंटरचेंजलाच कुणीतरी सांगितलं पाहिजे.

एक प्रश्न मला कारखाने सुरू झाले की हमखास येतो. गाडी उसाच्या ट्रॉलीत घुसली, बोनेट चेपलं, काच गेली आणि बॅग उघडलीच नाही, कंपनीवर केस करू का. बघा, ट्रॉलीची मागची कड आपल्या बंपरच्या वर असते. गाडी खाली शिरते, बंपर आणि चेसीच्या दांड्यांना जो पहिला दणका बसायला पाहिजे तो बसतच नाही, मार थेट काचेवर. मॉड्यूलला धक्का उशिरा नाहीतर कमी कळतो. मागून कुणी ठोकलं तरी पुढच्या बॅगा उघडत नाहीत, तो बिघाड नाही. पण ट्रॉलीच्या बाबतीत बॅगवर भरवसा ठेवूच नका, नोव्हेंबर ते मार्च रात्रीचं अंबाजोगाई-माजलगावकडं जायचं तर साठच्या वर काटा नको, दोन-दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर नाही, मागं एखादं पोतं लटकवलेलं.

बॅग उघडलीच तर गाडीत पांढरा धूर आणि जळका वास येतो, गाडी पेटली म्हणून घाबरू नका, बॅग चिकटू नये म्हणून टाकलेली पावडर असते ती. इंजिन बंद करून बाहेर या, डोळे चोळू नका, पाण्यानं धुवा, आणि १०८ ला फोन लावा. नंतर बिलात फक्त बॅग धरू नका, मॉड्यूल, प्रीटेन्शनरचे बेल्ट, क्लॉक स्प्रिंग, पुढचे सेन्सर, कंपनी जे सांगेल ते सगळं. दाजींच्या गाडीचा आकडा सगळं धरून पाऊण लाखाच्या वर गेला, वाचवले होते चाळीस हजार. डीलर म्हणला गाडी दिली तेव्हा ओके होती, आणि सौदापावतीवर आमच्याकडं काहीच लिहिलेलं नव्हतं. तुम्ही लिहून घ्या. एअरबॅगा कंपनीच्या आणि चालू आहेत, गाडी अपघातातली नाही, पाण्यात बुडालेली नाही, खाली तारीख आणि सही. दोन ओळी आहेत, त्याला नको असंल तर तोच बोलायला लागंल.

आणि दाजींच्या गाडीसाठी भंगारातून दोन हजारात बॅग आणून देतो म्हणणारा पण एक जण भेटला. न फुटलेली बॅग म्हणजे भरलेला बार, कुठल्या गाडीची, कुठल्या पुरातली, कुणास ठाऊक. मी नाही म्हणलो. त्यानं ती तशीच पोत्यात घालून स्कूटीला पुढं पायाशी ठेवली आणि गेला.